तास

जेसीबी तासावर येतो. तासाचे बाराशे, डिझेल धरून.
बकेट वर उचललेली,
आणि इलियासनं चावी फिरवून मशीन बंद केलं.
"ताई, मोजणी झाली का?"

मी म्हटलं, हा लिंब, ती बोर,
मधलं सगळं आबांचं.
सातबारा पिशवीतच आहे, गट एकशे सतरा.
"सातबारा किती हाय ते सांगतो," तो म्हणाला,
"कुठं हाय ते न्हाई सांगत.
मानवतला एका बाईनं असंच म्हणलं, खांद बिनधास्त,
आन अर्ध्या गल्लीचं नळाचं पाणी रस्त्यावर.
तवापासून आधी कागद, मग बकेट."

मला राग आला.
फक्कीच्या रेघा मारलेल्या, गवंड्याला उचल दिलेली,
आणि हा पोरगा मशीनच्या सावलीत बसून बिस्कीट खातोय.

मग जिंतूरला भूमी अभिलेखचा जिना.
अर्ज, चलन, तारीख पोळ्यानंतरची.
ती गेली. मग दसऱ्यानंतरची.
एका फायलीत आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र निघालं,
निजामाच्या काळातलं, सारं उर्दूत.
मी इलियासला फोन लावला.
"मला फक्त मराठी येते ताई. आन मशीन."
शेवटी मोंढ्यातल्या नव्वदीच्या अडत्यानं वाचलं,
बोट ओळीखाली सरकवत, उजवीकडून डावीकडं,
लहानपणी शाळेत वाचत असतील तसं मोठ्यानं:
दक्षिणेला आठ फूट वाट,
शेजाऱ्याच्या गुराढोरांना आडावर जाण्यासाठी,
पिढ्यान् पिढ्या, हरकत नाही.

मोजणीच्या दिवशी मुंजाजी काका धुतलेलं धोतर नेसून आले
आणि उकिडवे बसले, कुणाशी न बोलता.
तिपाई, आरसा, आकाशातल्या कुठल्याशा उपग्रहाशी बोलणी,
आणि साहेबांनी टाच रोवली: "इथं खणा."
लिंबाच्या मुळीनं मिठीत धरलेला
हद्दीचा दगड निघाला.
माझ्या रेघेच्या दीड हात आत.
माझ्या स्वयंपाकघरात.

"तुझा बाप नांगरायचा झ्याक," काका म्हणाले.
"दरसाल एक तास जास्त."

एवढंच. मग तंबाखू मळत राहिले.

मला ते तास आठवत होतं.
बांधाला लागून जाणारं, काळं, ओलसर.
परकराचा ओचा भरून घेऊन
त्यात तूर मोघत मीच चालले होते,
पुढं आबा, बैलांच्या नावानं ओरडत,
आणि मला वाटायचं
जमीन दरसाल जराशी वाढते, माझ्यासारखीच.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"
"बोललो असतो तर वाट अडवली असती त्यानं.
म्हशी कुठं पाजल्या असत्या?"

मी पिशवीतून कागद काढला.
काका, वाट तुमचीच होती.
लिहिलेलं आहे. कुणाला अडवताच आली नसती.
त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला,
मग सुलटा,
तरी त्यांना तो सारखाच दिसत असणार.
चाळीस पावसाळे दीड हातावर पाणी सोडलं,
आणि कशासाठी, तर जे आधीच त्यांचं होतं त्यासाठी.
"कुणी वाचलंच न्हाई," ते म्हणाले,
आणि दगडावरची माती बोटानं पुसली.

माघात पाया खणला. फक्की नव्यानं टाकली,
दक्षिणेचे आठ फूट सोडून, दीड हात मागं सरून.
स्वयंपाकघरात आता दोघी उभ्या राहिल्या
तर एकीनं बाहेर यावं लागतं.
इलियासनं दोन तासांचे पैसे घेतले.
"आणि पहिल्या दिवसाचा तास?"
"तवा खांदलं कुठं, ताई?"

आडाला पाणी नाही. आतून बाभळ वर आलीय.
म्हशी काकांनी कधीच विकल्या.
तरी सांजच्याला ते त्या वाटेनं जातात
रिकाम्या हातानं, मधोमध चालत,
आडाच्या काठावर वाकून बघतात,
परत येतात.

माझ्या मोरीची खिडकी त्याच बाजूला आहे.
ते जाईपर्यंत मी पाणी सोडत नाही.